दोन मिलिमीटर

आमची थोरली मुलगी कवळ्या करते. धाकटी तिला ताई म्हणायची म्हणून आम्हीही ताईच म्हणतो, ती आता चौतीस वर्षांची झाली तरी. ताई दातांच्या कामात आहे असं मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस लगेच आ करून डावीकडची दाढ दाखवायला लागतो. मग सांगावं लागतं की ती डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडात बघतात. ताईने अकरा वर्षांत एकाही पेशंटचं तोंड बघितलं नव्हतं. तिच्यापुढे यायचे ते प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या बुडाला एक नंबर.

तिची लॅब एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. दोन खोल्या. पहिलीत प्लास्टर ओतायचं, उकळायचं, घासायचं काम. तिथली माणसं दुपारपर्यंत भुवयांसकट पांढरी व्हायची. दुसरीत मेणाचं काम, आणि तिथे खिडकीजवळची जागा ताईची. समोर स्पिरिटचा दिवा, हातात बोटभर सुरी आणि वरचा-खालचा जबडा अडकवून उघडझाप करायचं एक पितळी यंत्र. गुलाबी मेणाच्या हिरडीत एक दात बसवायचा, यंत्र मिटायचं, दात दातावर कसा येतो ते बघायचं, पटलं नाही तर पुन्हा काढायचा. एका तोंडाचे अठ्ठावीस दात. घरी आली की तिच्या कपड्यांना मेणाचा वास यायचा, आणि जेवताना ती आमच्या तोंडांकडे निरखून बघायची. तिच्या बाबांना ते मुळीच आवडत नसे.

तिची एक पद्धत होती. ती दात कधी सरळ रांगेत लावायची नाही. समोरच्या दोन दातांशेजारचा एक ती केसभर तिरका बसवायची, दुसरा किंचित आत. सरळ रांग बघितली की लोकांना कवळी कळते, असं तिचं म्हणणं. डॉक्टर लॅबला फोन करून सांगायचे, हे काम खिडकीतल्या बाईंकडे द्या. तिला नावाने फारसं कुणी ओळखत नव्हतं, पण खिडकीतल्या बाई सगळ्यांना माहीत होत्या.

मी काळजी करणारी बाई आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ताईला यायला उशीर झाला की मला तो स्पिरिटचा दिवा कलंडलेला दिसायचा, जिन्यातून धूर यायला लागायचा. पण जे घडलं ते माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

गेल्या थंडीत तिच्याकडे एका बाईंचं काम आलं. या बाईंनी तीस वर्षं स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. त्यांचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकलेला, चेहरा कुणी पाहिलेला नाही. त्यांची जुनी कवळी दुभंगली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवं माप घेतलं आणि नमुना म्हणून जुनी कवळीही सोबत पाठवली. कवळीत उंची नावाची एक गोष्ट असते: दात मिटल्यावर दोन जबड्यांत किती अंतर राहावं. ते डॉक्टर ठरवतात, पेशंटला समोर बसवून, मेणाच्या ठोकळ्यांवर. ताईने ठोकळे यंत्रात चढवले, शेजारी जुनी कवळी ठेवली आणि तिला वाटलं, डॉक्टरीणबाईंचं दोन मिलिमीटर जास्त झालंय.

नवशिक्या मुलीने फोन करून विचारलं असतं. ताईने केला नाही. अकरा वर्षांत इतकी मापं हाताखालून गेली होती की तिने सरळ उंची जुन्या कवळीइतकी उतरवली आणि दात लावले. जुनी कवळी वीस वर्षांत झिजून खाली आली होती, बाईंचा चेहराही तिच्याबरोबर खाली बसत गेला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी तो मुद्दाम उचलून घेतला होता. हे तिच्या ध्यानात आलं नाही.

अशी चूक एरवी ट्रायलला सापडते. मेणातली कवळी एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतात, मगच पक्की करतात. पण बाईंना परगावी जायचं होतं. लॅबचे मालक म्हणाले, खिडकीतल्या बाईंच्या कामाला ट्रायल कशाला, आणि डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली. कवळी पक्की झाली, तोंडात बसली. बाईंचे ओठ आत गेले, जबडा दुखायला लागला आणि ‘स’ म्हटला की शीळ वाजायला लागली.

पंधरा दिवसांत ताईची नोकरी गेली. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं की चूक माझी होती, उद्यापासून जायचं नाही. मग डबा घासून पालथा घातला आणि झोपायला गेली.

मला वाटलं, आज नाही तर उद्या रडेल. मी आठवडाभर तिच्या आसपास घुटमळत होते, म्हणजे रडली तर मी जवळ असावं. ती रडली नाही. सकाळी उठायची, अर्ज लिहायची, दुपारी वाचनालयात जाऊन बसायची. गावात आणखी लॅबा चारच, आणि सगळे मालक एकमेकांना ओळखतात. तिघांनी नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. तिचे बाबा म्हणाले, मुलगी खंबीर आहे. मी मात्र रात्री दोनदा उठून तिला बघून यायची. ताप आला की अंग गरम लागतं, त्याने निदान ताप आहे हे तरी कळतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी एक गृहस्थ बोलायचे. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून ताई त्यांना मोजणीकाका म्हणायची. श्रोते सात-आठ, त्यांतले दोघे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर खुर्ची सोडायचा कंटाळा म्हणून बसलेले. विषय एकच: फार पूर्वी ग्रीक आणि रोमन लोकांत होऊन गेलेले स्टोइक नावाचे विचारवंत. ताईने मला ते सोपं करून सांगितलं. जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही आपल्या ताब्यातल्या, म्हणजे आपण काय ठरवतो, काय करतो, घडलेल्या गोष्टीला काय म्हणतो. बाकीचं सगळं ताब्याबाहेरचं: नोकरी, नाव, तब्येत, इतर माणसं. पहिल्यात कसूर करायची नाही आणि दुसऱ्यापायी जीव काढायचा नाही. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं, मला वाक्य समजलं. मुलगी समजेना.

कारण ती ते करायला लागली. गीझर नीट चालत असताना थंड पाण्याने आंघोळ. पलंग असताना जमिनीवर झोप. मी विचारलं, ही कसली शिक्षा? ती म्हणाली, शिक्षा नाही, सवय आहे. उद्या गीझर नसला तर अडू नये. मी म्हटलं, गीझर आहे ना पण. ती म्हणाली, हो, आहे. आमचं बोलणं तेव्हा असंच व्हायचं, भांडण सुरू व्हायच्या आतच संपायचं, आणि मला कळायचं नाही की मी हरले की ती.

एकदा भाजी निवडताना तिने सांगितलं की रोज सकाळी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आज काय काय वाईट होऊ शकेल ते मनात आणायचं.

“पाचच?” मी विचारलं.

“पाच पुरतात. मग ते खरंच आलं तर माणूस दचकत नाही.”

मी म्हटलं, हे मी तू जन्मल्यापासून करते आहे, सकाळ-दुपार-संध्याकाळ, मला अजून कुणी विचारवंत म्हटलं नाही.

ती हसली. खूप दिवसांनी हसली. “तू सुरू करतेस, आई,” ती म्हणाली. “संपवत नाहीस.”

हे वाक्य मला लागलं की आवडलं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तिची एक वही होती. रोज संध्याकाळी ती त्यात लिहायची. एकदा ती बाहेर गेलेली असताना मी ती उघडली. बरोबर केलं नाही, पण केलं. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे ताब्यातलं, उजवीकडे ताब्याबाहेरचं. डावीकडे चार ओळी: उद्या आठला उठणं, चौथ्या लॅबला अर्ज, फोन न करण्याची चूक मान्य पण पुन्हा उगाळायची नाही, बोलताना आवाज न चढवणं. उजवीकडे मोठी यादी. नोकरी मिळणं. मालक काय सांगतात. गावातले डॉक्टर काय म्हणतात. बाईंची कवळी. पाऊस. आणि पाऊस याच्या खाली, स्वच्छ अक्षरात: आईची काळजी.

मी वही होती तशी ठेवली आणि मला इतका राग आला की मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. अठ्ठावीस तास कळा देऊन जन्माला घातलेल्या मुलीने मला पावसाच्या खाली लिहिलं. न राहवून संध्याकाळी मी तिला बोलले, म्हणजे वही वाचल्याचंही आपोआप कबूल झालं. ती चिडली नाही. म्हणाली, तुझी काळजी मला थांबवता येत नाही, इतकी वर्षं बघतेच आहे. तुला चहा करून देता येतो. आणि खरंच उठून चहा केला. चहा चांगला झाला होता. मी आणखी अर्धा कप मागितला.

माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ट्रायल मालकांनी वगळली होती. ट्रायल झाली असती तर दोन मिलिमीटर मेणातच सापडले असते आणि ताई आज खिडकीत बसलेली असती. मी हे दर दोन दिवसांनी तिला ऐकवायची. ती म्हणायची, त्यांनी ट्रायल वगळली ती त्यांची गोष्ट, मी उंची उतरवली ती माझी. जणू आम्ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या वेगळ्या करत होतो. चार महिने झाले. चौथ्या लॅबनेही नाही म्हटलं. तेव्हा मी ताईला न सांगता छापखान्याचा जिना चढले. तिची स्वतःची सुरी तिथेच राहिली होती, ती मागायला आले असं सांगायचं ठरवलं होतं.

खिडकीजवळ आता एक तरुण मुलगी बसली होती. तिने लावलेले दात मी जाता जाता बघितले. सरळ रांगेत होते.

मालक सज्जन माणसासारखे उठून उभे राहिले. काकू बसा, काकू पाणी घ्या. सुरी लगेच आणून दिली, कागदात गुंडाळून. मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी म्हटलं, ट्रायल तुम्ही वगळलीत. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याजवळ सरकवला. मग म्हणाले, “काकू, मी तिला ठेवणारच होतो. दोन ओळी लिहून दे म्हटलं होतं, की वाटेत ठोकळे स्कूटरच्या डिकीत तापून मऊ पडले, माप बसकं आलं. कुणाचंच नाव गेलं नसतं. तिने ऐकलं नाही.”

मला हे माहीतच नव्हतं. घरी तिने यातलं अक्षरही काढलं नव्हतं. मी विचारलं, मग पुढे काय झालं? ते म्हणाले, पुढे काय, मीच फोनवर डॉक्टरीणबाईंना तसं सांगितलं. माप मऊ पडलं होतं. आता डॉक्टरीणबाई आपणच मेण कच्चं सोडलं अशी स्वतःवरच शंका घेताहेत, आणि त्या स्टेशनवाल्या बाई म्हणताहेत की मी आता कुणालाच तोंडाला हात लावू देणार नाही. मालकांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

परत येताना मी दोन वेळा चुकीच्या गल्लीत वळले. ताईने नोकरी जाऊ दिली होती, दोन खोट्या ओळींपायी. नाही, खोटं न लिहिण्यापायी. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तिचे बाबा बरोबर असते तर म्हणाले असते, एक काहीतरी वाटू दे. पण एक काहीतरी वाटत नव्हतं.

घरी आल्यावर मी सुरी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ताईने मी तिथे गेले याबद्दल एक शब्द काढला नाही. बाकीचं तिला ठाऊकच होतं. मालकांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला, तिथे मात्र तिने मला थांबवलं.

“म्हणजे त्यांनी नवी करून दिली नाही?”

“नवी कसली? त्या बाई कुणापुढे तोंडच उघडत नाहीत म्हणे.”

“मला वाटलं होतं करून देतील,” ताई म्हणाली. “मी नसले तरी करून देतील.”

मी तेव्हा जे विचारलं ते काही शहाणपणाने विचारलं नाही. मला खरोखर प्रश्न पडला होता. मी म्हटलं, “मग चार महिने त्या खातात काय?”

तिच्या चेहऱ्यावरचा तो शांतपणा, ज्याला मी चार महिने घाबरत होते, तो त्या क्षणी गेला. ती सुरीचा कागद उलगडून पुन्हा गुंडाळत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला आनंद व्हायला हवा होता, कारण हीच तर माझी ओळखीची मुलगी. पण मी घाबरून तिच्या बाबांना म्हटलं, मी काहीतरी मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली की तिने एक गोष्ट चुकीच्या बाजूला लिहिली होती. बाईंना कवळी पटेल की नाही ते तिच्या ताब्यात नाही. डॉक्टरीणबाईंचं माप बरोबर होतं हे सांगणं पूर्ण तिच्या ताब्यात होतं आणि तिने ते चार महिने केलं नव्हतं. मालकांना नाही म्हटलं तेव्हा तिला वाटलं होतं आपलं काम झालं. “मला बरं वाटत होतं ना, आई,” ती म्हणाली. “तिथेच शंका यायला हवी होती.”

ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन स्वतः सांगणार होती. आता घाबरायची पाळी माझी होती. आतापर्यंत गावात कुजबुज होती; हे सांगितल्यावर पक्कं झालं असतं की खिडकीतल्या बाई डॉक्टरांचं माप बदलतात. डॉक्टरांना यापेक्षा मोठा गुन्हा नाही. मग या गावात तिच्यापुढे पुन्हा कुणी जबडा ठेवला नसता, आणि तिला दुसरं काही येत नाही, यावं असं तिला वाटतही नाही. काल ज्या बाईंच्या खाण्याची मला चिंता होती त्यांना आज मी विसरले आणि म्हटलं, जाऊ दे ना, पत्र टाक, नाव न घालता. ताई म्हणाली, “नाव न घालता मी माझी चूक कशी कबूल करू?” तर्कशास्त्रात मला बासष्ट टक्के होते. मी तिच्यापुढे पोहे ठेवले.

तिथे काय झालं ते तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की चार महिने मी प्रत्येक पेशंटचं माप तीन-तीनदा घेते आहे, तुम्हाला कल्पना आहे का? ताई म्हणाली, नव्हती, आता आहे. तिने नवी कवळी स्वतः करून द्यायची परवानगी मागितली. ती पेशंटने द्यायची, असं उत्तर मिळालं. मग ताई स्टेशनवाल्या बाईंच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं ते तोंडावर रुमाल धरून. ताईने उभ्याउभ्याच सांगितलं की तुमचं तोंड ठीक आहे, डॉक्टरांचं माप ठीक होतं, उंची मी कमी केली. बाईंनी विचारलं, मग इतके दिवस मला सगळे वेगवेगळं का सांगत होते? आणि दोन दिवसांनी त्या दवाखान्यात येऊन खुर्चीत बसल्या.

कवळी आमच्या स्वयंपाकघरात झाली. लॅबमधल्या पॉलिशवाल्या काकांनी स्वतःचं जुनं यंत्र आणि लोखंडी साचा मालकांना न विचारता पिशवीतून आणून दिला, आणि शेवटचं घासूनही देईन म्हणाले. ताईने दात लावले. या वेळी मेणातली ट्रायल झाली, एकदा नाही, दोनदा. अर्ध्या मिलिमीटरची शंका आली तरी ती डॉक्टरीणबाईंना फोन करायची. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, अहो, थोडं तुम्हीही ठरवा.

मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकचा मसाला भरलेला साचा आठ तास गरम पाण्यात ठेवावा लागतो. पाणी पंच्याहत्तर अंशांच्या आसपास राहायला हवं. उकळलं तर आत बुडबुडे धरतात आणि सगळं फुकट. लॅबमध्ये त्याला यंत्र आहे. आमच्याकडे मोठं पातेलं, थर्मामीटर आणि मी. सकाळी सातपासून मी स्टुलावर बसून पाऱ्याकडे बघत होते. सत्त्याहत्तर झाला की गॅस बारीक, त्र्याहत्तर झाला की मोठा. तिचे बाबा दोनदा म्हणाले, मी बसतो, तू ऊठ. मी उठले नाही. मला सारखं वाटत होतं की मी नजर हटवली की ते उकळणार. ताई शेजारी निवांत पुस्तक वाचत होती. दुपारी तिने डोकं वर करून सांगितलं की लॅबच्या यंत्रातही पाणी इतकं स्थिर राहत नाही. माझ्या काळजीचा कुणाला उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण, पण ते तिच्या तत्त्वज्ञानाच्या बाजूने धरायचं की विरुद्ध, हे मला कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, तिलाही माहीत नाही, मंगळवारी काकांना विचारते. मोजणीकाका म्हणे हसले आणि म्हणाले, आईंना एकदा घेऊन या.

कवळी बसवायच्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिला नको होतं, पण ते तिच्या ताब्यात नव्हतं. बाहेरच्या खोलीत पाचसहा माणसं गाल धरून बसली होती. आतून काही ऐकू येत नव्हतं. मी मनात सगळं क्रमाने आणलं: कवळी सैल आहे, कवळी घट्ट आहे, बाई रडताहेत, डॉक्टरीणबाई ताईला जा म्हणताहेत. पाच मिनिटांत थांबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मग बंद दारातून तो आवाज आला. स्वच्छ, सावकाश, आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलेला. सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी सुटणारी गाडी सतरा मिनिटं उशिराने सुटेल, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं. एकाही ‘स’ला शीळ नव्हती. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी गालावरचा हात काढून पायाजवळची पिशवी जवळ ओढली.

दार उघडलं. बाई बाहेर आल्या, आणि मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. नाकाखाली नीट जागा होती, ओठ ओठांच्या जागी होते. त्यांनी ताईला धन्यवाद म्हटलं नाही. एक दात वाकडा का लावलास, असं विचारलं. ताई म्हणाली, खरा वाटावा म्हणून. बाई म्हणाल्या, माझा तोच वाकडा होता, तुला कसं कळलं? ताईला माहीत नव्हतं. मग बाई निघून गेल्या.

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी स्पष्ट बोलतील, कुणीतरी एकदा स्पष्ट बोलावं. त्या ताईला म्हणाल्या, “तुम्ही माझं माप बदललंत. आणि तुम्हीच येऊन सांगितलंत. आता तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मला खरंच समजत नाही.”

ताई म्हणाली, “ते तुम्ही ठरवायचं.” तिने पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. मी तिला कोपराने ढोसलं, विचार ना, काम विचार. तिने विचारलं नाही. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मागून हाक मारली. त्यांच्या हातात एक डबी होती. आत्ताच घेतलेलं माप, ओल्या कापसात गुंडाळलेलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं, वरचं आणि खालचं. एक केस देते, त्या म्हणाल्या. एकच. काहीही वेगळं वाटलं तर फोन. ताई हो म्हणाली, दोन्ही हातांनी डबी घेतली आणि खाली उतरली.

रस्त्यावर आल्यावर ती रडायला लागली. नोकरी गेली तेव्हा नाही, चार नकार आले तेव्हा नाही. आता, हातात डबी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, नाक पुसायला हात मोकळा नाही अशी. मला वाटलं आनंदाचं असेल. मग वाटलं, हे चार महिन्यांचं साठलेलं असेल. मग वाटलं, ती घाबरली असेल, एकच केस आणि पुढे काय. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने डबी आमच्यामध्ये आडवी धरली.

मी विचारलं, “काय होतंय तुला?”

“मला नाही माहीत,” ती रडत रडत म्हणाली. “टॅक्सी कर, आई. माप सुकलं की आकसतं. तासाभरात प्लास्टर ओतायला हवं.”

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला.